उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत : सौर प्रकल्पांबद्दल वाचकांचे प्रश्न

शेतीपंपांच्या वाहिन्या दिवसा सौर विजेवर चालवायच्या, हा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा गाभा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. राजस्थानातल्या भडलासारखे एकाच जागी हजारो एकरांचे पार्क न करता ग्रामीण उपकेंद्रांच्या आसपास अर्धा ते २५ मेगावॉटचे प्रकल्प विखरून उभे करायचे आणि महावितरणने त्यांची वीज २५ वर्षे ठरलेल्या दराने घ्यायची, अशी ही रचना. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प, ३ मेगावॉटचा, २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

आमची सात एकर कोरडवाहू जमीन आहे. एकरी पन्नास हजार भाडे मिळेल असे एजंट सांगतो आणि कोऱ्या स्टँपवर सही मागतो. द्यावी का?
(परांडा, जि. धाराशिव)

सही अजिबात देऊ नका. पन्नास हजारांचा आकडा मात्र खरा आहे. योजनेत हेक्टरी १,२५,००० रुपये वार्षिक भाडे किंवा जमिनीच्या नोंदणीकृत किमतीच्या ६ टक्के, यांपैकी जे जास्त ते मिळते आणि मूळ दरावर दरवर्षी ३ टक्के वाढ धरलेली आहे. तुलनेसाठी, कर्नाटकात पावगडाला २,०५० मेगावॉटच्या पार्कसाठी शेतकऱ्यांकडून सुमारे १३ हजार एकर भाड्याने घेतली, तिथला सुरुवातीचा दर एकरी २१ हजार होता.

वाढीचे कलम नीट वाचा. ३ टक्के सरळ वाढ असेल तर पंचविसाव्या वर्षी एकरी ८६,००० होतात, चक्रवाढ असेल तर १,०१,६००. तुमच्या सात एकरांवर त्या एका वर्षात लाखाच्या वर फरक पडतो. एजंट तोंडी चक्रवाढ सांगतात आणि मसुद्यात ‘मूळ दरावर’ असे लिहिलेले असते.

पण भाड्याच्या आधी अंतर बघा. खासगी जमीन ३३/११ केव्ही उपकेंद्रापासून ५ किलोमीटरच्या आत हवी, शासकीय जमिनीला १० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. हे अंतर कागदी अट म्हणून ठेवलेले नाही. २ मेगावॉट वीज ११ केव्हीवर पाठवायची तर तारेतून साधारण १०५ अँपिअर जातात. ‘डॉग’ कंडक्टरची (ठरावीक जाडीच्या ॲल्युमिनियम-पोलाद तारेची) ५ किलोमीटर लाइन असेल तर भर दुपारी ४५ किलोवॉटच्या आसपास वीज तारेतच तापून जाते, म्हणजे सव्वादोन टक्के. त्याच लाइनवर ४ मेगावॉट टाकले की नुकसान चौपट, सुमारे १८० किलोवॉट. म्हणून जमीन कितीही सपाट असली तरी उपकेंद्र लांब असेल, किंवा तिथल्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता आधीच दुसऱ्या प्रकल्पाने घेतलेली असेल, तर विकासक, म्हणजे प्रकल्प उभारणारा, ती फक्त अडकवून ठेवतो. शाखा अभियंत्याकडे जाऊन विचारा : उपकेंद्रात ट्रान्सफॉर्मर किती एमव्हीएचे आहेत, किती मेगावॉटला मंजुरी दिलेली आहे, बे, म्हणजे नवी लाइन जोडायचा ब्रेकरसह कप्पा, टाकायला जागा आहे का. एक मेगावॉटला साडेतीन ते चार एकर लागतात, तेव्हा सात एकरांत दोन मेगावॉटही जेमतेम बसतील. शेजारचे एक-दोन गट सोबत आले तर बोलणी करताना तुमचे वजन वाढेल.

आता कागद. सातबाऱ्यावर सगळ्या हिस्सेदारांची नावे असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतील, बहिणींच्याही. इतर हक्कात सोसायटीचा बोजा असेल तर आधी तो मोकळा करा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. मोजणी करून घ्या, कारण कुंपण पडल्यावर बांधाचा वाद निघाला की भाडे थांबते आणि शेजाऱ्याशी कोर्ट सुरू होते. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा, नोटरी चालत नाही.

करारात ही कलमे स्पष्ट शब्दांत हवीत. भाडे कोणत्या तारखेपासून : ताब्याच्या की वीज सुरू झाल्याच्या? प्रकल्प दोन वर्षे रखडू शकतो, म्हणून ताब्याच्या तारखेचाच आग्रह धरा. अमुक महिन्यांत काम सुरू झाले नाही तर करार आपोआप रद्द. भाडे थकले तर व्याज किती. मुद्रांक शुल्क आणि अकृषिक कर कोणाकडे. विकासकाने बँकेकडे तारण काय ठेवायचे : त्याचा भाडेपट्ट्याचा हक्क चालेल, तुमची मालकी नाही. शेवटी खांब काढणे. खांब जमिनीत दीडेक मीटर ठोकलेले असतात, कुठे काँक्रीटमध्ये बसवलेले असतात. पंचवीस वर्षांनी ते उपटून, खड्डे मातीने भरून जमीन परत द्यायची आणि त्या खर्चाची बँक हमी शेवटच्या पाच वर्षांत ठेवायची, असे लिहून घ्या. हे कलम बहुतेक मसुद्यांत नसते.

हे भाडे शेती उत्पन्न धरले जात नाही, त्यावर प्राप्तिकर लागू होतो. आणि जमीन विहीर-बागेची असेल तर आमचे मत सरळ आहे : देऊ नका. ही योजना मुरमाड, कोरडवाहू तुकड्यासाठी चांगली आहे.

आमचा फीडर सौरवर गेला. वीज दिवसा येते हे खरे, पण डीपीचा (पंपांच्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज पूर्वीपेक्षा जास्त उडतो. ढग आले की व्होल्टेज पडते, असे लाइनमन म्हणतो.
(कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर)

दोष ढगांचा नसावा. सौर प्रकल्पाची वीज थेट तुमच्या पंपाला येत नाही, ती उपकेंद्रातल्या ११ केव्ही बसबारवर (सगळ्या वाहिन्या जोडलेल्या पट्टीवर) येते आणि तिथून सगळ्या वाहिन्यांना वाटली जाते. ढग आले, उत्पादन निम्म्यावर आले, तर उरलेली वीज वरच्या ३३ केव्ही लाइनमधून येते. पंपाला ते कळतही नाही.

फ्यूज उडण्याचे कारण बहुधा ऑटो स्विच आहे, वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा. १०० केव्हीएच्या डीपीची लघुदाब बाजूची क्षमता १३३ अँपिअर. ५ एचपीची मोटर पूर्ण भारावर सात-साडेसात अँपिअर घेते, म्हणजे सोळा-सतरा पंप बसतात. पण सुरू होताना तीच मोटर काही सेकंद पाच-सहापट प्रवाह ओढते. सकाळी वीज आल्या क्षणी सोळा ऑटो स्विच एकदम टक् करून लागले की सातशे अँपिअरची मागणी येते. व्होल्टेज कोसळते, मोटरी फिरायला वेळ घेतात, तापतात आणि फ्यूज जातो. लाइनमन जाड तार घालून जातो. पुढच्या वेळी फ्यूज टिकतो, डीपी जळते.

पूर्वी रात्रीच्या पाळीत निम्मे शेतकरी उठत नव्हते, म्हणून भार आपोआप विभागला जायचा. दिवसा वीज आल्यावर सगळेच एका वेळी भिजवतात. उपाय स्वस्त आहेत. ऑटो स्विचला विलंबाचा टायमर बसवा आणि डीपीवरच्या पंपांनी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे अंतर ठरवून घ्या : पहिला लगेच, दुसरा ३० सेकंदांनी, तिसरा ६० सेकंदांनी. प्रत्येक स्टार्टरला कपॅसिटर लावा, ३ एचपीला १ केव्हीएआर, ५ एचपीला २, साडेसातला ३. बसवलेला कपॅसिटर फुगला असेल किंवा त्याची वायर कोणी काढून ठेवली असेल, हेही बघा, कारण बऱ्याच ठिकाणी तो नुसता शोभेला लटकलेला असतो. एवढे करूनही फ्यूज गेला तर डीपीवर मंजूर भारापेक्षा जास्त पंप आहेत असे समजा. मग अर्ज करून भार मोजून घेणे आले, त्यात आकडेवालेही मोजले जातात.

प्रकल्प गावात आला तर ग्रामपंचायतीला काय? पॅनेल धुवायला किती पाणी जाते? आमच्याकडे मार्चपासून टँकर लागतो.
(सरपंच, जत तालुका, जि. सांगली)

योजनेतल्या प्रकल्पासाठी ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षे, असे एकूण १५ लाख रुपये लोकोपयोगी कामांसाठी मिळतात. कायमच्या नोकऱ्या थोड्या असतात : पहारेकरी, धुणारी टोळी, एखादा तंत्रज्ञ. उभारणीच्या चार-सहा महिन्यांत मात्र बरेच हात लागतात.

पाण्याचा हिशेब असा. एका मेगावॉटच्या प्रकल्पात पॅनेल साधारण १.३ मेगावॉटचे बसवतात, ५५० वॉटचे धरले तर २,४०० पॅनेल. एका पॅनेलला एका धुण्यात दीड ते दोन लिटर. म्हणजे एका फेरीला पाच हजार लिटरपर्यंत, पंधरवड्याला एक फेरी धरली तर महिन्याला दहा हजार लिटरचा एक टँकर. एका मेगावॉटला हे फार नाही, २५ मेगावॉटला महिन्याला पंचवीस टँकर होतात आणि तेही नेमके कोरड्या महिन्यांत, कारण पावसाळ्यात पॅनेल पाऊसच धुतो. त्यामुळे मोठ्या प्रकल्पाला ना हरकत देताना पाण्याचा स्रोत ठरावात लिहा : गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून लांब, मीटर लावून. राजस्थानात कोरड्या ब्रशचे रोबो रांगेवरून फिरतात, ते इथेही मागता येतात. क्षारयुक्त बोअरचे पाणी वापरले तर काचेवर पांढरे डाग बसतात आणि ते परत निघत नाहीत, म्हणून चांगला चालक तसेही मऊ पाणीच शोधतो. त्याची नजर गावाच्या गोड्या विहिरीकडे वळते ती यामुळे.

मी एका प्रकल्पावर तंत्रज्ञ आहे. पावसाळ्यात सकाळी दोन-तीन इन्व्हर्टर ‘इन्सुलेशन कमी’ दाखवून बंद राहतात, अकराच्या सुमारास आपोआप सुरू होतात. वरिष्ठ म्हणतात, सुरू होतात ना, सोडून दे.
(साक्री, जि. धुळे)

सोडू नका. पॅनेलची डीसी वीज इन्व्हर्टर एसी करतो. दव किंवा पावसाचे पाणी पॅनेलकडच्या कुठल्या तरी डीसी जोडात शिरते आहे, ऊन पडून ते वाळले की इन्व्हर्टरची तक्रार मिटते. आज सकाळचे तीन तास जातात, उद्या तिथेच ठिणगी पडते.

शोधायची वेळ सकाळचीच. दोष दिसत असतानाच तपासा, दुपारी सगळे ठीक दिसेल. इन्व्हर्टर बंद करा, डीसी स्विच उघडा, क्लॅम्प मीटरने प्रवाह शून्य असल्याची खात्री करा आणि मगच एमसी४ जोड (पॅनेलच्या तारांचे खटक्याचे जोड) काढा. भाराखाली जोड ओढला तर हजार-पंधराशे व्होल्टची डीसी ठिणगी पडते, ती एसीसारखी स्वतःहून विझत नाही. ऊन आहे तोवर पॅनेलला बंद करायचे बटन नसते हे टोळीतल्या नव्या पोराला रोज सांगावे लागते. मग एकेक स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेली पॅनेलची माळ) वेगळी करून धन आणि ऋण टोकांचे जमिनीशी व्होल्टेज मोजा. निरोगी स्ट्रिंगमध्ये ते जवळजवळ शून्याकडे विरत जाते. दोषी स्ट्रिंगमध्ये ठरावीक आकडा टिकून राहतो आणि तोच आकडा जागा सांगतो : ऋण टोकापासून ५०० व्होल्ट मिळाले आणि एका पॅनेलचे उघडे (भार नसतानाचे) व्होल्टेज ५० असेल, तर ऋण बाजूकडून दहाव्या-अकराव्या पॅनेलमधल्या जोडाकडे जा.

तिथे बहुधा तीनपैकी एक सापडते. जोड जमिनीवर लोळतो आहे, कारण केबल टाय उन्हाने तुटला. किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोड एकमेकांत घातलेत : बसतात, पण पाणी अडत नाही आणि आत तापतात. किंवा घुशीने केबल कुरतडली आहे. जोड बदलताना योग्य क्रिंपिंग हत्यारच वापरा, पकडीने दाबलेला जोड वर्षभरात तपकिरी होतो. केबल टाय उन्हाला टिकणारे घ्या किंवा स्टीलचे. गवत फूटभर झाले की कापा, नाहीतर खालच्या रांगेवर सावली पडते आणि घुशींनाही आडोसा मिळतो.

तुमच्या पत्रात दुसरा एक उल्लेख आहे : बदली पॅनेल आल्यावर स्ट्रिंगमध्ये २८ ऐवजी ३० लावायचा विचार चालू आहे. उघडे व्होल्टेज ४९.९ असलेल्या पॅनेलचे २८ नग २५ अंशांना १,३९७ व्होल्ट देतात. ३० लावले तर १,४९७, म्हणजे कागदावर इन्व्हर्टरच्या पंधराशे व्होल्टच्या मर्यादेत. पण थंडीत व्होल्टेज वाढते, अंशाला सुमारे ०.२७ टक्के. साक्रीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १० वर उतरला तर तीसची स्ट्रिंग १,५५० च्या पुढे जाते आणि सूर्य वर आल्या आल्या इन्व्हर्टरचे इनपुट जाते. वॉरंटीवाले लॉग काढून बघतात, पैसे मिळत नाहीत. २८ वरच थांबा.

मे महिन्यात ऊन सर्वांत कडक, तरी आमच्या भागातल्या प्रकल्पाचे युनिट मार्चपेक्षा कमी. असे का?
(अकोला)

पॅनेलला प्रकाश हवा, उष्णता नको. पॅनेलवर लिहिलेले वॉट २५ अंशांचे असतात. त्यावर प्रत्येक अंशाला सुमारे ०.३४ टक्के घट. अकोल्याच्या मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर जाते, म्हणजे साडेतेरा टक्के तिथेच गेले. वर धूळ आणि आकाशातला धुरकटपणा. वर्षाचा हिशेब मात्र महिन्यावरून करू नका : १९ टक्के क्षमता वापर (वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालला तर होईल त्या उत्पादनाच्या १९ टक्के) धरला तर एका मेगावॉटला वर्षाला १६ लाख ६४ हजार युनिट, आणि त्यातला जुलै-ऑगस्टचा वाटा सर्वांत कमी.

सौर वीज दोन रुपयांत मिळते असे वाचले होते. मग आपल्या योजनेत तीन रुपयांच्या आसपास दर का? आणि एवढी सौर वीज असून संध्याकाळी टंचाई का?
(पुणे)

दर आधी. डिसेंबर २०१० च्या लिलावात देशातला सर्वांत कमी दर १०.९५ रुपये होता. मे २०१७ मध्ये भडलाला २.४४ आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १.९९ निघाला. त्या १.९९ च्या मागे स्वस्त आयात पॅनेल, स्वस्त कर्ज आणि एका ठिकाणची मोठी क्षमता होती. एप्रिल २०२२ पासून पॅनेलवर ४० टक्के आयात शुल्क लागले आणि तो आकडा परत दिसला नाही. शिवाय राजस्थानची वीज इथे यायला उच्चदाब वाहिन्यांचा खर्च आणि गळती लागते. तालुक्यातल्या उपकेंद्रावर बनलेली वीज तिथेच ११ केव्हीवर खपते. लहान प्रकल्पाला प्रत्येक मेगावॉटमागे कुंपण, पहारा, बे, मीटर यांचा खर्च जास्त येतो. त्यासाठी केंद्राच्या शेतीपंप सौरवर नेण्याच्या कुसुम योजनेतून मेगावॉटला १ कोटी ५ लाखांपर्यंत साहाय्य आहे. तीन रुपयांचा दर हा आमच्या मते महाग नाही. धोका दुसरीकडे आहे : प्रकल्पाला उपकेंद्राशी जोडणारी वाहिनी दुपारी तासभर बंद पडली की इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप थांबतो, २ मेगावॉटचा प्रकल्प दोन हजार युनिट, म्हणजे सहा हजार रुपये गमावतो. असे महिन्यातून वीस तास झाले की विकासकाचे गणित बसत नाही. उपकेंद्राचे ब्रेकर आणि वाहिनीवरच्या फांद्या यांकडे दुर्लक्ष करून नुसते मेगावॉट मंजूर करत जाण्यात अर्थ नाही.

संध्याकाळचे म्हणाल तर सूर्य मावळतो आणि मागणी चढते, इतके ते सरळ आहे. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉट झाली. दुपारी औष्णिक संच खाली आणावे लागतात आणि दोन-तीन तासांत परत वर. जुन्या बॉयलरला ही चढउतार सोसत नाही, कमीत कमी ५५ टक्के भारावर चालण्याची क्षमता आणण्याचे बंधन त्यांच्यावर २०२३ च्या नियमांनी आले. दुसरा मार्ग साठवणुकीचा. आपल्याकडे घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे : स्वस्त विजेने पाणी वर चढवायचे आणि मागणीच्या वेळी सोडायचे. आखला गेला तेव्हा रात्रीची वीज स्वस्त होती, आता दुपारची झाली. नव्या निविदांत सौर क्षमतेच्या किमान १० टक्के, दोन तासांची साठवण जोडावी असा सल्ला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. १०० मेगावॉटला १० मेगावॉट, २० मेगावॉट-तास. सुरुवात म्हणून ठीक, संध्याकाळच्या चार तासांपुढे फारच तोकडे. तोवर घरातला गिझर आणि पंप दुपारी चालवणे हीच सर्वांत स्वस्त बॅटरी.

‘पडीक’ म्हणून दाखवलेली जमीन मुळात चराईचे माळरान आहे. पॅनेल आल्यावर मेंढपाळांनी जायचे कुठे?
(सोलापूर)

महसुली नोंदीतला ‘पडीक’ शब्द उत्पन्नाचा हिशेब सांगतो, गवताचा नाही. तुमच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य अशाच माळावर आहे. राजस्थान-गुजरातेत माळढोकाच्या क्षेत्रातल्या वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला होता, मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. म्हणजे हा प्रश्न नुसत्या तक्रारीचा नाही. ग्रामसभेत ठराव करताना चराईच्या वाटा आणि पाणवठे नकाशावर दाखवून वगळायला लावा, दिलेल्या जमिनीच्या बदल्यात वाट कुठून मिळणार ते लिहून घ्या.

कुंपणाच्या आत चराई ठेवता येते. पॅनेलची खालची कड जमिनीपासून मीटरभर वर आणि केबल पाइपातून असतील तर मेंढ्या गवत आखूड ठेवतात, चालकाचा कापणीचा खर्च वाचतो. शेळ्या मात्र चालत नाहीत : त्या खांबावर पाय देऊन उभ्या राहतात आणि केबल चावतात. करारात ‘जनावरे’ असा मोघम शब्द न घालता मेंढ्या, त्यांची संख्या, महिने आणि जखमी जनावराची भरपाई कोणी द्यायची, हे लिहा.